असिबीचं नाव रद्दीत घालू नका

प्रति,
सार्वजनिक आरोग्य खात्यातील वरिष्ठ अधिकारी, वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांचे प्रमुख आणि विज्ञान संग्रहालयांचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी एक निवृत्त परिचारिका. नोकरीची शेवटची २३ वर्षं एका बंदराच्या शहरात, यलो फीवरची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या एका विषाणूच्या तापाची, लस देणाऱ्या केंद्रात गेली. केंद्राचं नाव लिहीत नाही. एका कार्यालयाला दोष देऊन हा विषय मिटणारा नाही, आणि ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं त्यांच्याकडे बोट दाखवायला मी बसलेली नाही. जहाजावर चढणारी कोकणातली, गोव्यातली पोरं मला ‘यलोवाल्या बाई’ म्हणत. लागोस, मोम्बासा, सांतोस, कुठेही जायचं असलं की ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड हवं, आणि त्या कार्डावर शिक्का मारण्याआधी माझ्यासमोर बाही वर करायला लागे.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी त्या इमारतीत गेले होते. केंद्र दुसऱ्या मजल्यावर हलवायचं काम चालू होतं. पोर्चमध्ये टेम्पो उभा, शेजारी काटा घेऊन रद्दीवाला, आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे. वरच्या गठ्ठ्याची लाल कापडी पाठ मी लांबूनच ओळखली. आमची लसीकरणाची रजिस्टरं होती ती. तारीख, नाव, वय, जहाज, लसीचा बॅच नंबर, सही, असे रकाने. त्यातलं निम्मं अक्षर माझं. विचारलं तर उत्तर मिळालं, “सिस्टर, निर्लेखन झालंय. मुदत संपली.” कागदोपत्री ते बरोबरच असणार. पण गठ्ठ्यांच्या मागे भिंतीला टेकवून एक फ्रेम ठेवली होती, काच तडकलेली. ती पाहिली आणि माझे पाय तिथेच थांबले.

ती फ्रेम आमच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने केलेली. ते आता नाहीत. चार्टपेपरवर मराठीत, सुवाच्य अक्षरात, यलो फीवरच्या संशोधनाची हकिगत. जो या कामात मेला त्याचं नाव लाल शाईत, जो वाचला त्याचं हिरव्या. लस घेऊन अर्धा तास थांबावं लागे, त्या बाकासमोरच ती टांगलेली असायची. कितीतरी जणांनी ती वाचली. दुसरं काही वाचायला नव्हतंच तिथे.

गुहागरकडचा एक मुलगा मला आठवतो, पहिल्यांदाच जहाजावर निघालेला. तळाशी हिरव्या शाईतल्या नावाकडे बघून म्हणाला, “बाई, हा असिबी कोण?” मी त्याला डॉक्टरांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. तेव्हा कार्डाची मुदत १० वर्षं असे. १० वर्षांनी तोच माणूस पुन्हा बाकावर येऊन बसला, आता मिशा आलेल्या, आणि म्हणाला, “बाई, तुमच्या असिबीच्या देशात जाऊन आलो. टेमा बंदर.”

हे पत्र त्या नावासाठी आहे.

असिबी हा गोल्ड कोस्टमधला, म्हणजे आजच्या घानामधला, २८ वर्षांचा माणूस. १९२७ च्या जून महिन्यात त्याला ताप आला. लागोसजवळच्या याबा इथे रॉकफेलर फाउंडेशनचं यलो फीवर कमिशन काम करत होतं. त्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या दंडातून थोडं रक्त घेतलं आणि ते एका माकडाला टोचलं. ते माकड आपल्याकडचं, लाल तोंडाचं, मूळ हिंदुस्थानातलं. आफ्रिकेतल्या माकडांना हा विषाणू फारसा आजारी पाडत नाही, म्हणून आधीचे प्रयत्न फसत होते. हे माकड आजारी पडलं आणि मेलं. असिबी बरा झाला. त्या रक्तातल्या विषाणूला ‘असिबी स्ट्रेन’ म्हणू लागले. पुढे न्यूयॉर्कला मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच विषाणू आधी उंदराच्या आणि मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा, शंभराहून अधिक वेळा वाढवला, तेव्हा कुठे तो निवला. १९३७ साली त्याची लस झाली. नाव १७डी. थायलरना त्यासाठी १९५१ चं नोबेल मिळालं. आज जगात जिथे जिथे यलो फीवरची लस टोचली जाते, ती याच वंशातली.

म्हणजे वायलच्या तळाशी जी पांढरट टिकली असते, जिच्यात पाणी सोडून मी ती हलक्या हाताने फिरवायचे, घड्याळ बघत अर्धा-अर्धा मिलिलिटर सिरिंजमध्ये घ्यायचे, ती टिकली त्या माणसाच्या एका तापापासून आलेली. “अंडं चालतं का? कधी अंगावर उठलंय का?” हा प्रश्न मी हजारो वेळा विचारला. तो का विचारायचा हेही त्या फ्रेममुळेच मला कळलं, कारण लस कोंबडीच्या अंड्यात वाढते. प्रशिक्षणात मला नियम शिकवला होता, कारण नव्हतं सांगितलं.

आता माझं गाऱ्हाणं.

आपण रोगाचा इतिहास सांगतो तेव्हा एकदोन डॉक्टरांची नावं घेऊन पुढे जातो. यलो फीवर म्हटलं की अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड. रीड मोठे होते, त्यात वाद नाही. पण डासामुळे हा रोग पसरतो हे हवानाच्या अकादमीसमोर क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १४ ऑगस्ट १८८१ रोजी मांडलं होतं. डासाची जातही त्यांनी बरोबर ओळखली होती, आज आपण जिला एडिस इजिप्ती म्हणतो आणि जी आपल्या पाण्याच्या पिंपात डेंग्यू घेऊन बसते तीच. जवळजवळ २० वर्षं लोकांनी त्यांना खुळ्यात काढलं. १९०० साली रीड यांचं अमेरिकन लष्करी कमिशन क्यूबात आलं, तेव्हा त्यांच्या प्रयोगातले पहिले डास फिनले यांनी दिलेल्या अंड्यांतून निघाले. फिनले यांचं नाव नोबेलसाठी वारंवार सुचवलं गेलं, मिळालं नाही. लॅटिन अमेरिकेत त्यांचा जन्मदिवस, ३ डिसेंबर, वैद्यकीय दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे मी जितक्या शिकाऊ मुलींना विचारलं, त्यांतल्या एकीलाही फिनले हे नाव माहीत नव्हतं. दोष त्या मुलींचा नाही.

त्याच कमिशनमधले जेसी लाझिअर डास चावून २५ सप्टेंबर १९०० रोजी वारले, वय ३४. त्यांच्या नावाने उभारलेल्या छावणीत दोन खोल्या होत्या. एकीत रोग्यांच्या घाणेरड्या चादरी, कपडे, उशा आणून टाकलेल्या, आणि त्यांत एक डॉक्टर आणि दोन सैनिक २० रात्री झोपले. मी नर्स आहे, तो वास कसा असेल ते मला सांगावं लागत नाही. एकालाही ताप आला नाही. दुसरी खोली स्वच्छ, मध्ये जाळी, जाळीच्या एका बाजूला डास. ज्याला डास चावले तो आजारी पडला, जाळीपलीकडचे नाही. कपड्यांतून रोग पसरतो ही समजूत त्या दोन खोल्यांनी संपवली.

त्या प्रयोगात स्पेनहून नुकतेच आलेले गरीब मजूरही होते. त्यांच्याशी लेखी करार झाला. सोन्याच्या नाण्यांत १०० डॉलर, आणि ताप आला तर आणखी १००. माणसावरच्या प्रयोगासाठी लेखी संमती घेण्याच्या सगळ्यात जुन्या उदाहरणांत हा करार मोडतो. १९२९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या प्रयोगात भाग घेतलेल्यांची सन्मानयादी केली, सुवर्णपदकं दिली. स्पॅनिश मजुरांची नावं त्या यादीत नाहीत.

क्लारा मासही त्या यादीत नाही. डॉक्टरांच्या फ्रेमवर तिचं नाव लाल शाईत होतं आणि माझी नजर रोज तिथे जायची. न्यू जर्सीची नर्स. हवानात १९०१ मध्ये पुढचे प्रयोग चालू झाले, तेव्हा तिने १०० डॉलर घेऊन स्वतःला डास चाववून घेतले. पहिल्यांदा हलका ताप येऊन गेला. ऑगस्टमध्ये पुन्हा चाववून घेतले आणि २४ ऑगस्टला ती गेली. वय २५. तिच्या मृत्यूनंतर माणसांवर मुद्दाम डास सोडण्याचे ते प्रयोग थांबले. क्यूबाने तिचं टपाल तिकीट काढलं, नंतर अमेरिकेनेही, आणि ती जिथे शिकली त्या रुग्णालयाला आज तिचं नाव आहे. आपल्याकडे परिचर्येच्या वर्गात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने दिवा लावून शपथ देतात. त्या मुलींना क्लाराचंही नाव कळलं तर कुणाचं काही कमी होणार नाही.

माझं दुसरं दुःख जास्त खोलवरचं आहे. चुकलेल्यांचा इतिहास आपण ठेवतच नाही. जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांनी यलो फीवरचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. तो दुसऱ्याच रोगाचा निघाला. स्वतःचं म्हणणं पडताळायला ते आफ्रिकेत गेले आणि मे १९२८ मध्ये गोल्ड कोस्टमधल्या आक्रा इथे यलो फीवरनेच वारले. त्यांचं शवविच्छेदन करणारे विल्यम यंग थोड्याच दिवसांत त्याच रोगाने गेले. आदल्या वर्षी लागोसला एड्रियन स्टोक्स गेले होते. असिबीच्या रक्तावर काम करणाऱ्या तुकडीतलेच. मरणाच्या दारात असताना त्यांनी स्वतःचं रक्त प्रयोगासाठी काढून घ्यायला सांगितलं. नोगुचींचं म्हणणं चुकीचं ठरलं तरी जपानने त्यांचा चेहरा हजार येनच्या नोटेवर छापला, आणि घानामध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्था उभी आहे. चुकलेल्या माणसालाही मान देता येतो हे त्यांनी दाखवलं.

आणि लसीच्या बाबतीतली सगळ्यात मोठी चूक. १९४२ साली अमेरिकन सैन्याला दिलेल्या यलो फीवर लसीत टिकाऊपणासाठी माणसाच्या रक्ताचा द्रव घातला होता. तो ज्यांच्याकडून घेतला त्यांच्यातल्या काहींना कावीळ होती. तीन लाखांहून अधिक सैनिकांना संसर्ग झाला, सुमारे ५० हजार आजारी पडले. नंतर लसीतून तो द्रव काढून टाकला. बॅच नंबर का लिहायचा, रजिस्टर का जपायचं, याचं याहून मोठं कारण मला कुणी दिलेलं नाही. अशा रोगाची रजिस्टरं काट्यावर चढताना पाहून मला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

कुणी म्हणेल, भारतात हा रोग नाही, मग त्याच्या इतिहासाशी आपलं काय देणंघेणं? हे मी बैठकीत ऐकलंय, म्हणून उत्तर देते. भारतात तो नाही, कारण त्याला बाहेर ठेवण्यासाठी माणसं शंभर वर्षं राबली आहेत. १९१४ साली पनामा कालवा खुला व्हायच्या आधीच हा रोग जहाजांवरून आशियात येईल अशी भीती पसरली होती, आणि हिंदुस्थानचं त्यापासून रक्षण कसं करायचं यावर १९१३ मध्ये इथल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं गेलं. रोग पसरवणारा डास आपल्या घरात, माकडं जंगलात, फक्त विषाणू दाराबाहेर. बंदरावरचं आणि विमानतळावरचं ते दार माझ्यासारख्यांनी राखलं. कार्ड नसलं तर सहा दिवस अलग राहावं लागतं म्हणून माझ्यावर ओरडलेली माणसं मला आठवतात, आणि का ते समजावल्यावर शांत झालेलीही आठवतात.

शिवाय या इतिहासाचा एक धागा थेट पुण्यात येतो. यलो फीवरवर अनेक वर्षं काम केलेल्या रॉकफेलर फाउंडेशनने १९५२ मध्ये आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पहिली शंका हीच होती की यलो फीवर शेवटी भारतात पोचला की काय. निघाला वेगळाच, गोचिडीतून येणारा. तोच आपला माकडताप. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना विचारा, माकडताप म्हणजे काय ते. असिबीच्या गावापासून दोडामार्गच्या बागेपर्यंत ही एकच गोष्ट चालत आली आहे, आणि ती सांगणारा एक फलकही मला कुठल्या आरोग्य केंद्रात दिसलेला नाही.

हे जपणं अशक्य नाही, खर्चिकही नाही. फिलिप हेंच नावाचे अमेरिकन डॉक्टर, संधिवातावरच्या कामासाठी नोबेल मिळालेले, त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं लाझिअर छावणीची पत्रं, फोटो, हयात असलेल्यांच्या आठवणी गोळा करण्यात घालवली. तो संग्रह आज व्हर्जिनिया विद्यापीठात आहे, घरी बसून कुणालाही पाहता येतो. ब्राझीलमध्ये जिथे १९३७ पासून ही लस बनते त्या रिओच्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेने स्वतःच्या इतिहासासाठी वेगळा विभाग काढला आहे. आणि लांब कशाला, प्लेगची लस परळच्या कुठल्या वास्तूतून देशभर गेली हे मुंबईचा माणूस आजही सांगतो, कारण हाफकिन हे नाव दारावर आहे. दारावर नाव असलं की माणसं विचारतात.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते. त्या साध्या आहेत.

लसीकरण केंद्रं, बंदरांवरची आरोग्य कार्यालयं, जुन्या प्रयोगशाळा यांची रजिस्टरं, शिक्के, काचेच्या सिरिंजा, फोटो यांचं निर्लेखन करण्याआधी पुराभिलेखाच्या जाणकाराने एकदा ते पाहिलंच पाहिजे, असा लेखी आदेश काढा. रजिस्टरांत लोकांची नावं, वयं आहेत, ती उघडी पडू नयेत हे मलाही कळतं. ती सीलबंद ठेवा, ठरावीक वर्षांनी अभ्यासकांना उघडा. पण किलोवर विकू नका.

यलो फीवरची लस देणाऱ्या प्रत्येक केंद्रात, अर्धा तास थांबायच्या जागी, एक फलक लावा. मराठी, कोंकणी, हिंदी, जिथे जी भाषा असेल तीत. फिनले, लाझिअर, क्लारा मास, स्टोक्स, नोगुची, यंग, थायलर आणि असिबी. स्पॅनिश मजुरांसाठी एक ओळ. १९४२ च्या चुकीसाठी एक ओळ, ती गाळायची नाही.

परिचर्या आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ अभ्यासक्रमात या इतिहासाचा एक तास ठेवा. परीक्षेत प्रश्न नसला तरी चालेल.

आणि ही मागणी तातडीची आहे. विषाणूंवर काम केलेल्या पिढीतली जी माणसं अजून आहेत, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून घ्या. मोठ्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती होतात. मला म्हणायचंय ते जंगलात पांढरं कापड जमिनीवरून ओढत गोचिडी वेचणाऱ्यांबद्दल, प्राणीगृहात माकडांना खाऊ घालणाऱ्यांबद्दल, काचसामान धुणाऱ्यांबद्दल, बंदरावर बोटीत चढून डासांच्या अळ्या शोधणाऱ्या कामगारांबद्दल. ही माणसं सत्तरी, ऐंशी ओलांडलेली आहेत. त्यांच्याकडे सन्मानपत्रं नाहीत, कागदपत्रंही नाहीत. त्यांच्या मुलांना वडील काय काम करत ते नीट सांगता येत नाही. एक मोबाइल आणि एक दुपार पुरते. कुणी येत असेल तर आमच्या केंद्रातल्या अशा चौघांची घरं मी दाखवते.

रजिस्टरं मी वाचवू शकले नाही. ती सरकारी होती, त्यांना हात लावायचा मला अधिकार नव्हता, आणि टेम्पो माझ्यासमोर गेला. फ्रेम मात्र मी मागून घेतली. कुणी हरकत घेतली नाही, भंगारात तिची किंमत नव्हती. काच मी बदलून घेतली आहे. कडेला ओल गेल्यामुळे लाल शाई थोडी फुटली आहे, पण सगळी नावं वाचता येतात. माझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर ती टांगलेली आहे, आणि ती जागा तिची नव्हे.

तुमच्यापैकी ज्या कुणाकडे लस घेऊन माणसं अर्धा तास बाकावर बसतात, त्यांनी मला कळवावं. एक खिळा ठोकून ठेवा. फ्रेम घेऊन मी स्वतः येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका